तिहाईचा हिशेब

हा लेख वाचण्यासाठी तबला वाजवता यायला हवा, अशी अट नाही. तीनचा पाढा येत असेल आणि सोळापर्यंत एका चालीत मोजता येत असेल, तर आपली तयारी पुरेशी आहे. संगीत आणि गणित यांच्या नात्याचा विषय निघाला की बोलणं सहसा तारेची लांबी आणि सुरांची गुणोत्तरं यांवर जातं. तेही खरंच. पण आपल्या मैफलीत गणित सगळ्यांना ऐकू येईल इतकं उघड चालतं ते तालात, आणि तालातही तिहाईत.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी आपण हे पाहिलं असेल. तबलावादक एक बोल वाजवतो, तोच पुन्हा वाजवतो, आणि तिसऱ्यांदा तो संपायच्या आतच जाणत्या श्रोत्याचा हात वर गेलेला असतो. बोल संपतो त्याच क्षणी तो हात मांडीवर पडतो. शेजारच्या नवख्याला प्रश्न पडतो, की यांना आधीच कसं कळलं? कळलं ते हिशेबाने. तो हिशेब पायरीपायरीने पाहू.

आधी ताल. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं चक्र, आणि मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका. सगळे ठोके सारख्या अंतरावर. तीनतालात १६ मात्रा असतात. सोळावी झाली की पुन्हा पहिली. या एका फेरीला आवर्तन म्हणतात आणि पहिल्या मात्रेला सम. गाणारा, वाजवणारा, नाचणारी, सगळे फिरून समेवर भेटतात.

आता हे हातावर धरू. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला उलटा करायचा. तिला खाली म्हणतात. मधल्या मात्रा करंगळी, अनामिका आणि मधलं बोट टेकवत मोजायच्या. गती घड्याळाच्या सेकंदकाट्याची धरावी, एका सेकंदाला एक मात्रा. दोन-तीन आवर्तनं न चुकता झाली की पुढे जायला हरकत नाही. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि मग पुढचं सगळं कागदावरच राहतं. तिहाई समजते ती टाळी देता देता तोंडाने म्हटल्यावर. या म्हणण्याला पढंत म्हणतात, आणि कथकच्या वर्गात तर पढंत आल्याशिवाय पाऊल उचलू देत नाहीत.

एक बोल तीनदा वाजवून तिसऱ्याचा शेवटचा आघात बरोबर समेवर आणणं, याला तिहाई म्हणतात. तीनतालात समेपासून सुरू होणारी, वर्गात अगदी सुरुवातीला शिकवली जाणारी एक तिहाई घेऊ. प्रत्येक तुटक शब्द एका मात्रेत म्हणायचा. 'ऽ' म्हणजे एक मात्रा गप्प राहायचं.

तिट कत गदि गन धा ऽ
तिट कत गदि गन धा ऽ
तिट कत गदि गन | धा

पहिला 'तिट' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. 'धा' पाचव्या मात्रेवर येतो, सहावी मात्रा मोकळी जाते. दुसरा 'तिट' सातव्यावर आणि त्याचा 'धा' अकराव्यावर; बारावी मोकळी. तिसरा 'तिट' तेराव्यावर पडतो. मग 'गन' सोळाव्यावर, आणि 'धा' पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. सम आली.

यात दोनच भाग आहेत. जो बोल तीनदा येतो तो पल्ला. दोन पल्ल्यांच्या मधली मोकळी जागा म्हणजे दम. वरच्या तिहाईत पल्ला ५ मात्रांचा आहे आणि दम १ मात्रेचा. पल्ले तीन असतात, पण दम दोनच, कारण तिसऱ्या पल्ल्यानंतर दम घ्यायचा नसतो, तिथे सम असते. दम असलेली तिहाई दमदार, नसलेली बेदम.

मग तीनदाच का? चारदा का नाही? परंपरा म्हणून तीन, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पहिल्यांदा बोल येतो तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच माहीत नसतं. दुसऱ्यांदा येतो तेव्हा दोन 'धां'मधलं अंतर कळतं. अंतर कळलं की पुढचा 'धा' कुठे पडणार हे ठरतंच, आणि तिसरा पल्ला ते खरं करून दाखवतो. अपेक्षा तयार होऊन पुरी व्हायला कमीत कमी तीन लागतात. चौथ्याने नवीन काही कळत नाही.

श्रोत्याला लागणारं सगळं गणित एवढंच. वरच्या तिहाईत 'धा' ५, ११ आणि १७ व्या मात्रेवर आले. सतरावी म्हणजेच नवी सम. पाच ते अकरा सहा, अकरा ते सतरा सहा. पहिले दोन 'धा' कानाने पकडले की तेवढंच अंतर पुढे मोजायचं, तिथे सम असणार. महोत्सवातल्या त्या श्रोत्याचा हात याच हिशेबावर वर गेला होता. त्याला बोलांची नावं माहीत असण्याची गरजही नव्हती.

ऐकणाऱ्याचं काम इथे झालं. पण तिहाई रचायची असेल तर उलट दिशेने यावं लागतं. सम कुठे आहे ते माहीत असतं, पल्ला आणि दम शोधायचे असतात. सूत्र असं:

३ × पल्ला + २ × दम = सुरुवातीच्या मात्रेपासून समेपर्यंतच्या मात्रा, दोन्ही टोकं धरून

इथेच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक होते. तीनताल १६ मात्रांचा, म्हणून उजव्या बाजूला १६ लिहिले जातात. पण शेवटचा 'धा' पुढच्या समेवर पडायचा आहे. म्हणजे या समेपासून त्या समेपर्यंत, दोन्ही धरून, मात्रा होतात १७. शेताच्या कडेला एकेका हातावर खांब रोवत सोळा हात कुंपण घातलं, तर खांब सतरा लागतात, तसंच हे. वरच्या तिहाईत पडताळून पाहू: ३ × ५ = १५, २ × १ = २, बेरीज १७. बरोबर.

उजवीकडे १६ धरले तर काय होतं? पल्ला ४ आणि दम २ घेतला की ३ × ४ + २ × २ = १६ असं सुबक उत्तर येतं. वाजवायला बसलं की शेवटचा 'धा' सोळाव्या मात्रेवर पडतो आणि सम रिकामी जाते. कागदावर चूक दिसत नाही, म्हणून विद्यार्थी गोंधळतो आणि आपली लय धावली असं समजतो. लय ठीक असते, मोजणी एकाने कमी असते.

हा गोंधळ वाढायला एक कारण आहे. काही गुरुजन पल्ला मोजताना शेवटचा 'धा' पल्ल्यात धरत नाहीत, तो दमाच्या खात्यात टाकतात. त्या पद्धतीत वरचीच 'तिट कत गदि गन' तिहाई पल्ला ४ आणि दम २ अशी मांडली जाते, आणि सूत्राच्या उजवीकडे १६ येतात. तेच आकडे, जे मघाशी चुकीचे ठरले, इथे अगदी बरोबर आहेत. दोन्ही पद्धती चालतात, फक्त त्यांची सरमिसळ चालत नाही. वर्गात एक पद्धत शिकून पुस्तकातून दुसरी उचलली की नेमकी एका मात्रेची चूक होते. आपण या लेखात 'धा' पल्ल्यातच मोजू.

आता दम किती घ्यायचा ते शोधू. समेपर्यंतच्या मात्रांना ३ ने भागून बाकी पाहायची. बाकी शून्य आली तर दम ०, ३, ६ असा घ्यावा. बाकी १ आली तर २, ५, ८. बाकी २ आली तर १, ४, ७. दम ठरला की त्याची दुप्पट वजा करायची आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे. तो पल्ला.

तीनतालाच्या १७ ला ३ ने भागलं की बाकी २. म्हणून दम १, ४ किंवा ७. दम १ तर पल्ला ५. दम ४ तर १७ वजा ८, म्हणजे ९, पल्ला ३. दम ७ तर पल्ला १: नुसता एक 'धा', सात मात्रा शांतता, एक 'धा', पुन्हा सात मात्रा शांतता, आणि समेवर 'धा'. वाजवायला हात तयार लागत नाही, पण गप्प बसून लय धरणं किती कठीण आहे ते इथे कळतं.

ही पद्धत कधीच अडत नाही. बाकी ०, १, २ यांपैकी काहीतरी असणारच, आणि प्रत्येकासाठी दम आहे. म्हणून कुठल्याही तालात, कुठल्याही मात्रेवरून निघून तिहाई बसवता येते. फक्त समेपर्यंत कमीत कमी तीन मात्रा लागतात, आणि चार असतील तर अर्ध्या मात्रेचा आधार घ्यावा लागतो. वादक भर मैफलीत निर्धास्त असतो, त्याच्या मागे ही खात्री असते.

या सूत्रातून एक सुंदर गोष्ट निघते. 'तिट कत धा' एवढाच तीन मात्रांचा पल्ला घ्यावा आणि फक्त दम बदलत जावं. दम ० असेल तर ३ × ३ = ९; ९ म्हणजे ८ अधिक १, अर्थात केरव्याचं एक आवर्तन. दम १ केला की ११, म्हणजे १० मात्रांचा झपताल. दम २ तर १३, म्हणजे १२ मात्रांचा एकताल. दम ३ तर १५, १४ मात्रांचा धमार. दम ४ तर १७, आपला तीनताल. पल्ल्यातलं एक अक्षरही न बदलता पाच ताल झाले! दमात एक मात्रा वाढली की तिहाई दोन मात्रांनी लांबते, कारण दम दोन असतात. ज्यांना हे कळतं त्यांना प्रत्येक तालासाठी वेगळी तिहाई पाठ करत बसावी लागत नाही.

झपतालाची तिहाई टाळी देऊन म्हणून पाहावी. टाळ्या १, ३ आणि ८ ला, खाली ६ ला.

तिट कत धा ऽ तिट कत धा ऽ तिट कत | धा

'धा' ३, ७ आणि समेवर. पहिला 'धा' तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर येतो, दुसरा मात्र खाली होऊन गेल्यावर सातव्यावर, जिथे टाळीही नाही आणि खालीही नाही. नवशिक्याचा हात तिथे घुटमळतो. टाळी मागे-पुढे करून 'धा'शी जुळवण्याचा मोह होतो. तो टाळावा. टाळी आपल्या जागी, बोल आपल्या जागी. दोघांची भेट समेवर.

रूपकात ७ मात्रा आहेत, त्यामुळे समेपर्यंत ८. बाकी २, दम १, पल्ला २: 'कत धा ऽ कत धा ऽ कत | धा'. रूपकाच्या ठेक्यात, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांत, सम खालीची असते, ठेका 'ती'ने सुरू होतो. तरी तिहाई तिथे 'धा'वर संपवतात, यात काही चूक नाही. तालाच्या मात्रा सम संख्येत असतील तर समेपासून निघालेल्या तिहाईचा पल्ला नेहमी विषम येतो, आणि रूपकासारख्या विषम मात्रांच्या तालात सम संख्येचा येतो. उत्तर तपासायला हा झटपट उपाय आहे. तीनतालात समेपासून पल्ला ४ आला, तर गणित पुन्हा करायचं.

बेदम तिहाईत दम शून्य, म्हणून समेपर्यंतच्या मात्रांना तीनने पूर्ण भाग जायला हवा. तीनतालात समेपासून निघालं तर १७ ला भाग जात नाही. मग निघायचं कुठून? तिसऱ्या मात्रेपासून निघालं तर समेसकट १५ मात्रा, पल्ला ५. सहाव्यापासून १२, पल्ला ४. नवव्यापासून ९, पल्ला ३. बाराव्यापासून ६, पल्ला २. पंधराव्यापासून ३, पल्ला १, म्हणजे नुसते 'धा धा धा'. निघायच्या मात्रा ३, ६, ९, १२, १५: तीनचा पाढा. यातली नववी म्हणजे खाली, आणि तिथून निघणारी 'तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा' ही तिहाई हाताला लगेच बसते, कारण निघायची खूण तालातच आहे. बाकीच्या ठिकाणांहून निघताना मोजणी पक्की लागते.

बाराव्या-पंधराव्या मात्रेच्या छोट्या तिहाया साथसंगतीत कामाला येतात. नाट्यपदाच्या साथीत तबल्याला मोकळी जागा मिळते ती दोन-चार मात्रांचीच. अहमदजान थिरकवांसारखा वादक बरीच वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता. त्या प्रेक्षकांना तबला ऐकायची सवय अशा लहान जागांमधूनच लागली असणार. लहान तिहाई कमी प्रतीची असते, असं मुळीच नाही.

आता थोडं अवघड. आतापर्यंत मात्रा अखंड होत्या. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले, म्हणजे दुगुन केली, तर एका आवर्तनात ३२ अर्ध्या मात्रा होतात आणि समेसकट ३३. तेहतीसला तीनने भाग जातो! म्हणजे दुगुनीत समेपासून समेपर्यंत बेदम तिहाई बसते, पल्ला ११ अर्ध्या मात्रांचा. एक पल्ला असा रचता येईल: 'धातिट धातिट धाधातिट धा'. अक्षरं मोजावीत: ३, ३, ४ आणि १, एकूण ११. तो मात्रांत बसवला की असं दिसतं, प्रत्येक जोडी एका मात्रेत:

धाति टधा तिट धाधा
तिट धाधा तिट धाति
टधा धाति टधा धाति
टधा तिट धाधा तिट | धा

ही सावकाश म्हणून पाहावी. पहिल्या पल्ल्याचा शेवटचा 'धा' सहाव्या मात्रेच्या बरोबर सुरुवातीला आहे. लगेच दुसरा पल्ला सुरू होतो, तो त्याच मात्रेच्या मध्यावर. म्हणजे दुसरा पल्ला पूर्ण उलटा चालतो: पहिल्यात जी अक्षरं ठोक्यावर होती ती आता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात. त्याचा शेवटचा 'धा' अकराव्या मात्रेच्या मध्यावर येतो. तिसरा पल्ला बाराव्याच्या सुरुवातीला निघतो आणि पुन्हा पहिल्यासारखा ठोक्यावर चालतो.

या तिहाईची सगळी मजा त्या मधल्या पल्ल्यात आहे, आणि सगळ्या चुकाही तिथेच होतात. कानाला बोल सरळ हवा असतो. म्हणून दुसरा पल्ला सुरू होताना नकळत अर्धी मात्रा थांबलं जातं किंवा अर्धी गिळली जाते. थांबलं तर शेवटचा 'धा' समेनंतर अर्ध्या मात्रेने, गिळली तर आधी. उपाय एकच: दुसरा पल्ला वेगळा काढून, टाळी देत, वीस-पंचवीसदा म्हणायचा, तोही सहाव्या मात्रेच्या मध्यापासून. तोंडाला तो तिरका चालायची सवय लागली की हात मागोमाग येतो.

चौपटीत एका आवर्तनाच्या ६४ पाव मात्रा आणि समेसकट ६५. बाकी पुन्हा २ येते, म्हणून समेपासून बेदम बसत नाही, पाव मात्रेचा का होईना दम द्यावा लागतो.

पल्ल्याची लांबी ठरली. तो भरायचा कसा? पाच मात्रांच्या पल्ल्यात शेवटची मात्रा 'धा'ची. आधीच्या चार मात्रा एक मात्रेच्या आणि दोन मात्रांच्या तुकड्यांनी किती तऱ्हांनी भरता येतील? शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मोजले आहेत, लघूची एक मात्रा, गुरूची दोन. हा प्रश्न नेमका तोच आहे, आणि छंदशास्त्राने तो फार पूर्वी सोडवला. गुजरातचे जैन आचार्य हेमचंद्र यांनी बाराव्या शतकात नियम नोंदवला, की प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. चार मात्रांचा शेवट लघूने केला तर आधीच्या तीन मात्रा ३ तऱ्हांनी भरतात. गुरूने केला तर आधीच्या दोन मात्रा २ तऱ्हांनी. एकूण ५. हाच क्रम, १, २, ३, ५, ८, पुढे युरोपात फिबोनाचीच्या नावाने ओळखला गेला. त्याचं पुस्तक १२०२ सालचं.

आपल्याकडे मोजणीची ही हौस छंदापुरती थांबली नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात स्वर एकेकदाच घेऊन किती क्रम होतात, ते मोजून त्यांनी ५,०४० हा आकडा दिला, आणि अमुक क्रमांकाचा स्वरक्रम कोणता, हे सगळी यादी न लिहिता काढायची रीतही दिली. त्याच ग्रंथात तालाला स्वतंत्र अध्याय आहे.

पण एक सावधगिरी हवी. त्या पाच तऱ्हांना गणित सारखंच मानतं, हात आणि कान मानत नाहीत. 'तिट कत गदि गन' आणि 'धा ऽ गदि गन' दोन्ही सहज वाजतात. 'तिट धा ऽ गन' मोजणीत बरोबर आहे, पण 'गदिगन' तोडून अर्धाच ठेवलेला कानाला खटकतो. पल्ल्याची निवड गणित झाल्यावर सुरू होते, आणि ती गुरूकडूनच शिकावी लागते.

दमाबद्दल वेगळं सांगायला हवं. बोल चुकला तर लगेच कळतं, दम चुकला तर कळत नाही. हात मोकळा असतो, मन पुढच्या पल्ल्याकडे धावत असतं, आणि दीड मात्रेचा दम सव्वाचा होतो. दोन दमांत मिळून अर्धी मात्रा जाते. शिकताना दमाच्या जागी मोठ्याने 'एक', 'दोन' म्हणावं, किंवा हाताची टाळी मुद्दाम जोरात द्यावी. दम हाही वाजवायचाच असतो. दुसरं, तिहाई जवळ आली की लय चढते. तिसऱ्या पल्ल्यात ती हमखास चढते, कारण सम दिसू लागलेली असते. लेहरा, म्हणजे तालाचं चक्र दाखवत सतत वाजणारी धून, सोबत ठेवून सराव केला तर ही सवय मोडते. फोनवर लेहऱ्याची अॅप मिळतात, त्यांवर काम भागतं.

मैफलीत मात्र 'धा' समेच्या किंचित आधी किंवा नंतर पडला की लगेच चूक ठरवू नये. काही वादक मुद्दाम असं करतात. त्याला अतीत-अनागत म्हणतात. फरक ओळखायचा तर पुढचा ठेका ऐकावा. मुद्दाम केलेलं असेल तर ठेका बिनघोर पुढे चालतो; चुकलेलं असेल तर एक-दोन मात्रा वादक जागा शोधत असतो.

शेवटची पायरी चक्रदार. तिहाई असलेला एक पूर्ण तुकडाच तीनदा वाजवला की चक्रदार होतो. म्हणजे नऊ पल्ले, नऊ 'धा'. त्यातला फर्माईशी चक्रदार गणिताच्या दृष्टीने सगळ्यात देखणा. अट अशी: पहिल्या वेळच्या तिहाईचा पहिला 'धा' समेवर, दुसऱ्या वेळी दुसरा 'धा' समेवर, तिसऱ्या वेळी तिसरा.

तीनतालात हे करून पाहू. १२ मात्रांचा बोल घ्यावा आणि त्याला 'तिट कत गदि गन धा' या पाच मात्रांच्या पल्ल्याची बेदम तिहाई जोडावी. १२ आणि १५ मिळून २७ मात्रा. समेपासून निघून हा २७ मात्रांचा तुकडा लागोपाठ तीनदा, मध्ये दम न देता वाजवायचा. पहिल्या वेळी 'धा' येतात १७, २२ आणि २७ व्या मात्रेवर. दुसऱ्या वेळी ४४, ४९, ५४. तिसऱ्या वेळी ७१, ७६, ८१. आता समा कुठे आहेत? १७, ३३, ४९, ६५, ८१. पहिल्या रांगेतला पहिला आकडा १७, दुसऱ्यातला दुसरा ४९, तिसऱ्यातला तिसरा ८१. तिन्ही समेवर.

हे का जमलं? पहिल्या वेळच्या पहिल्या 'धा'पासून दुसऱ्या वेळच्या दुसऱ्या 'धा'पर्यंत जायला एक पूर्ण तुकडा आणि वर एक पल्ला लागतो: २७ अधिक ५, म्हणजे ३२. बत्तीस म्हणजे तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं. पुढची उडीही तेवढीच. तुकडा आणि पल्ला मिळून आवर्तनाच्या पटीत येणं, ही फर्माईशी चक्रदाराची किल्ली. त्याखेरीज पहिला 'धा' समेवर आणणं एवढंच उरतं, ते १२ अधिक ५ बरोबर १७ ने साधतं.

चक्रदारात घसरण होते ती दुसऱ्यांदा निघताना. पहिल्या वेळी समेवरून निघालेलो असतो, दुसऱ्यांदा बाराव्या मात्रेवरून निघावं लागतं आणि तिसऱ्यांदा सातव्या. या दोन मात्रा हातावर आधीच पक्क्या करून ठेवाव्यात. शिवाय सतराव्या मात्रेवर 'धा' समेवर पडला की झालंच असं वाटून लय सैल होते. अजून चार आवर्तनं जायची असतात.

एक मत मांडतो. हिशेब जमला म्हणून तिहाई चांगली होत नाही. जो कायदा, म्हणजे विस्तारासाठी घेतलेली बोलरचना, वाजवला त्याच्याच बोलांतून ती निघाली असेल तर चक्र पूर्ण झाल्यासारखं वाटतं. बाहेरून आणून चिकटवली असेल तर आकडे बरोबर असूनही ती परकी राहते. आणि दर दोन मिनिटांनी तिहाई आली की सम येण्याची उत्सुकताच मरते. गणित घरी करावं, पढंतीत मुरवावं, मंचावर ते आठवायची वेळ येऊ नये.

आपल्यासाठी एक गणित ठेवतो. झपतालाची दोन आवर्तनं म्हणजे २० मात्रा, समेसकट २१. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा पल्ला ठेवून दम किती घ्यावा लागेल ते काढावं, तिन्ही 'धा' कोणत्या मात्रांवर पडतात ते लिहावं, आणि मग कागद बाजूला ठेवून टाळी देत म्हणून पाहावं.